खेळ मांडू या! : तळ्याच्या पाळीवर पडलेला तारा

या खेपेच्या टपालात एक जाडजूड पाकीट आलं. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात एकोडी नावाचं गाव आहे, तिथल्या आठवीतल्या एका मुलीनं पाठवलेलं. आत वहीची अकरा पानं, एक नकाशा आणि नकाशावर लाल पेन्सिलीनं काढलेली भली मोठी फुली. फुलीखाली लिहिलं होतं, 'इथे तारा पडला.' तिला आपल्या भावंडांसाठी आणि मैत्रिणींसाठी गोष्टखेळ रचायचा आहे. पत्रात शेवटी विचारलंय, 'खेळ जमेल का? आणि जमत नसेल तर काऊन जमत नाही?'

प्रश्न फक्कड आहे. म्हणून आजचं सगळं पान त्या फुलीला!

नवीन वाचकांसाठी आधी दोन ओळी. गोष्टखेळात पट नसतो, सोंगट्या नसतात. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो, 'अंधार आहे, समोर दार आहे, आतून खरखर ऐकू येतेय.' बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करेल ते सांगतात. जमेल की नाही हे फाशांवर ठरतं. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा असा खेळ छापून विकायला काढला. त्यात वीस बाजूंचे फासे असतात. आपल्याला ते लागणार नाहीत. आपल्याकडे चिंचोके आहेत!

आता त्या अकरा पानांकडे वळू. गोष्ट थोडक्यात अशी : रानात तारा पडतो, तो रात्रभर निळा उजेड टाकतो, एक चेटकीण तो पळवते, चार वीर तलवारी घेऊन तिच्या गुहेत शिरतात, तिला मारतात, आणि दगड हाती आल्यावर प्रत्येकाची एक इच्छा पूर्ण होते. सुरुवात छान आहे, नकाशा तर फारच छान. पण मधली गोष्ट उसनी वाटते. चेटकिणीनं ताऱ्याऐवजी सोन्याचं अंडं पळवलं असतं, तरी काय बिघडलं असतं? काहीच नाही. आकाशातून दगड पडला खरा, पण गोष्टीत त्या दगडाचं असं काहीच नाही.

मग खरा दगड पडतो तेव्हा काय होतं, ते आधी पाहू. त्यासाठी लांब जायला नको. साकोलीहून नागपूर ओलांडून पुढे गेलं की काटोल लागतं. संत्र्यांचं काटोल! २२ मे २०१२ रोजी, भर दुपारी दोन वाजून गेल्यावर, तिथे आकाशात धडाधड आवाज झाले आणि दगड पडले. एक नाही, बरेच. जमा झालेल्या तुकड्यांचं वजन मिळून तेराएक किलो भरलं. अशा पडलेल्या दगडाला 'अशनी' म्हणतात. आकाशात चमकते ती उल्का, जमिनीवर हाती लागतो तो अशनी. आपण 'तारा तुटला' म्हणतो खरं, पण तारा कधी तुटून पडत नाही. सूर्य हासुद्धा एक ताराच. तो एकोडीत मावेल का?

काटोलच्या दगडाची खरी गंमत पुढे आहे. शास्त्रज्ञांनी त्याचा एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला तेव्हा त्यात ब्रिजमनाइट नावाचं खनिज सापडलं. २०२१ साली ते संशोधन छापून आलं. हे खनिज आपल्या पृथ्वीच्या पोटात सगळ्यात जास्त आहे, पण सुमारे ६६० किलोमीटर खोलीच्या खाली. तिथवर कोण खणणार? आणि ते संत्र्यांच्या बागांच्या गावात आकाशातून येऊन पडलं! अवकाशात दोन दगड एकमेकांवर प्रचंड वेगाने आदळले असतील, त्या दाबानं ते तयार झालं. गोष्टखेळ रचणाऱ्यानं हे ऐकून टाळीच वाजवावी. आपल्या पायाखालचं गुपित डोक्यावरून येतं, यापेक्षा चांगली कल्पना घरबसल्या सुचत नाही.

आता सूत्रधाराच्या कामाच्या चार गोष्टी. उल्का वातावरणात शिरते ती सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं, आणि साधारण ८० ते १०० किलोमीटर उंचीवर चमकू लागते. लहान दगड असेल तर हवेच्या विरोधानं त्याचा वेग उतरत जातो. जमिनीपासून वीसेक किलोमीटर वर असतानाच तो विझतो आणि उरलेलं अंतर काळाकुट्ट, गुपचूप खाली येतो. जमिनीवर पडतो तेव्हा तो निखाऱ्यासारखा लाल नसतो. आत तर तो थंडगार असतो, कारण लाखो वर्षं थंडीत काढलेली असतात आणि जळण्याची वेळ काही सेकंदांचीच. वरती मात्र पातळ काळी साल असते, भट्टीतून काढलेल्या मडक्यासारखी. निळा उजेड वगैरे नाही. किलोभराचा दगड मोठा खड्डाही पाडत नाही, मऊ मातीत वीत-दोन वीत रुतला तर रुतला.

काय, हिरमुसलात? थांबा! आवाजाचं ऐका. उजेड लगेच दिसतो, आवाज मात्र एक किलोमीटर यायला तीन सेकंद घेतो. तीस किलोमीटर उंचीवर स्फोट झाला तर आवाज यायला दीड मिनिट. तर सूत्रधारानं खेळ असा सुरू करावा : 'आकाशात लख्ख उजेड झाला. गाईंच्या डोळ्यांत तो दिसला. मग विझला.' आणि गप्प बसावं. मनात नव्वद आकडे मोजावे. मंडळी चुळबुळ करतील, कोणी म्हणेल 'पुढे काय?' बोलायचं नाही. नव्वद झाले की ताट किंवा डबा दाणकन आपटायचा! या एका गोष्टीनं जेवढी भीती वाटते तेवढी दहा चेटकिणींनी वाटणार नाही. (शेजारच्यांना आधी सांगून ठेवा, आणि तान्हं बाळ झोपलेलं असेल तर हा प्रयोग नको.)

दुसरा प्रसंग तर एकोडीला आणखी जवळचा. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातमधल्या पुष्कळ लोकांनी आकाशातून पेटत्या रेघा जाताना पाहिल्या. उल्का म्हणाले, धूमकेतू म्हणाले, विमान पेटलं म्हणाले, क्षेपणास्त्र म्हणाले. आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात, धातूचं एक मोठं कडं येऊन पडलं. तीनेक मीटर व्यासाचं! आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. ते अवकाशातून आलं होतं हे खरं, पण तो अशनी नव्हता. चिनी लाँग मार्च रॉकेटचे ते अवशेष असावेत असं जाणकारांनी सांगितलं. म्हणजे आकाशातून जे पडतं ते दगडच असेल असं नाही. कुणीतरी बनवलेलंही असू शकतं!

यावरून खेळाचा पहिला नियम निघतो. काय पडलंय हे सूत्रधारानं खेळ सुरू होण्याआधी ठरवून कागदावर लिहून खिशात ठेवायचं : दगड, लोखंड की बनवलेली वस्तू? एकदा लिहिलं की बदलायचं नाही. खेळणाऱ्यांनी काहीही तर्क केले तरी नाही. माझ्या मते गोष्टखेळात एवढा एकच नियम खरोखर पाळायचा असतो. सूत्रधार मनात येईल तसं सत्य फिरवू लागला की खेळणाऱ्यांना ते लगेच कळतं, आणि शोध घेण्यात अर्थच राहत नाही.

आता जागा. त्या नकाशात लाल फुली रानात आहे. माझी सूचना : फुली तिथून उचल आणि तलावाच्या पाळीवर ठेव. भंडारा हा तलावांचा जिल्हा. जुन्या काळी कोहळी लोकांनी आणि मालगुजारांनी बांधलेले तलाव गावोगाव आहेत, 'मामा तलाव' म्हणतात ते. मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे बरं का, 'माजी मालगुजारी'! गावाचं धान, गुरं, मासे सगळं या पाण्यावर. रानात तारा पडला तर पाहायला वीर जातील आणि बाकीचं गाव झोपेल. पाळीवर पडला तर पहाटे सगळं गाव उभं राहील, आणि प्रत्येकाला त्यात काहीतरी हवं असेल. गोष्ट तिथेच सुरू होते.

वेळही तुमच्या गावातच तयार आहे. भाऊबीजेपासून तिकडे गावोगाव मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक उभं राहतं. सगळं गाव, पाहुण्यारावळ्यांसकट, रात्रभर मंडपात. धान कापून झालेलं, काही खळ्यावर, काही घरात. नाटकातला राजा तलवार उपसतो आणि त्याच क्षणी मंडपाबाहेर लख्ख उजेड! लोकांना वाटतं, वा, काय प्रकाशयोजना आहे! मग नव्वद आकडे. मग दणका.

एवढं सगळं खरं झालं. आता जादू हवी. कल्पनेचा खेळ आहे, नुसतं भूगोलाचं पुस्तक वाचायचं नाही. पण जादू एकच घ्या आणि ती दगडाचीच असू द्या. मी सुचवतो ती अशी : दगड तहानलेला आहे. तो पाळीत अर्धा रुतलाय आणि रोज रात्री तलावाचं पाणी पितो.

तलावाला सात पायऱ्या आहेत, सगळ्या पाण्याखाली. रोज सकाळी एक पायरी उघडी पडते. खेळ पाच रात्रींचा. शिवाय खेळणाऱ्यांनी काही धसमुसळेपणा केला, म्हणजे दगडावर घण घातला किंवा पाळ खणली, की आणखी एक पायरी जाते. हिशेब करून पाहा. पाच रात्री, पाच पायऱ्या. एक चूक परवडते. दुसरी झाली की पाचव्या सकाळी तळाशी चिखल आणि तडफडणारे मासे. कागदावर सात रेघा ओढून भिंतीला लावा आणि दर रात्री एक खोडा. मुलांना 'लवकर करा' असं सांगावं लागत नाही, रेघा सांगतात.

पात्रं चार-पाच पुरेत. मासे धरणाऱ्या घरातली मुलगी, तिला तलावाचा तळ पाठ आहे. लोहाराच्या भात्यावर बसणारा मुलगा. नाटकमंडळीतला पेटीवाला, तो मंडईसाठी बाहेरगावाहून आलाय आणि पाच दिवस अडकलाय. गुराखी पोरगा, त्याला रान ठाऊक. आणि शाळेत पहिली येणारी, जिला सगळ्यात प्रश्न पडतात. प्रत्येकाला एकच कसब द्या. वीर कोणी नाही. तलवार तर कोणाकडेच नाही!

चिंचोक्यांचं असं. चार चिंचोके घ्या, दगडावर एका बाजूनं घासून पांढरे करा. मूठ हलवून टाकायचे आणि पांढरे मोजायचे. चार चिंचोक्यांचे एकूण सोळा प्रकार होतात. चारही पांढरे पडण्याचा प्रकार एक, तीन पांढरे चार प्रकारांनी, दोन पांढरे सहा, एक पांढरा चार, आणि सगळे काळे एक. म्हणून सोप्या कामाला एक पांढरा पुरे (सोळात पंधरा वेळा जमेल), मधल्या कामाला दोन (सोळात अकरा), अवघड कामाला तीन (सोळात पाच). कामात पात्राचं कसब लागत असेल तर त्याला पाचवा चिंचोका द्यायचा. आता बत्तीस प्रकार झाले, आणि तीन किंवा अधिक पांढरे पडणारे बरोबर सोळा, म्हणजे निम्मे! एका चिंचोक्यानं अवघड काम 'तीनात एकदाही नाही' वरून 'दोनात एकदा' वर येतं. गणिताच्या सरांना दाखवा, खूश होतील. घासलेले चिंचोके दोन्ही बाजूंनी सारखे पडतातच असं नाही, तेव्हा आधी शंभर वेळा टाकून मोजून पाहा. हे काम धाकट्या भावाला द्यावं.

आता शोध. दगड पाणी पितोय हे गुपित खेळणाऱ्यांना कळायला हवं. इथे पुष्कळ सूत्रधार एक खूण ठेवतात आणि ती कोणाला सापडली नाही की खेळ तिथेच बसतो. एका गुपिताला किमान तीन खुणा ठेवा, वेगवेगळ्या जागी. पाळीवरचं बाकी गवत दवानं ओलं, पण दगडाभोवती हातभर कोरडं. लोहारकाकांनी दगडाचा एक कपचा आणून ठेवला, तर सकाळी भट्टीजवळची पाण्याची बादली रिकामी. नाटकवाल्यांचा दगडाजवळ ठेवलेला माठ तसाच ठणठणीत कोरडा. आणि चौथी खूण एका म्हातारीपाशी.

इथे थांबून त्या चेटकिणीबद्दल बोलू या.

पत्रात चेटकीण तलावापलीकडे एकटी राहते, ती कोणाशी बोलत नाही आणि तिच्याकडे झाडपाल्याची औषधं आहेत. एवढ्यावरून ती चेटकीण, आणि वीर तिला मारतात. मी तिला काढून टाक म्हणणार नाही. उलट ठेवच. पण ती चेटकीण नाही. ती गावातली एक आजी आहे, एकटी राहणारी. पाणी आटू लागतं तेव्हा दुसऱ्या दिवशी गावात कुजबूज सुरू होते. तिसऱ्या दिवशी कोणीतरी तिचं नाव घेतं. हे मी कल्पनेनं लिहीत नाही, पालकांना ठाऊक आहे. आपल्याकडे अशा संशयावरून माणसांना मारहाण झाली आहे, जीवही गेले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी कायद्यासाठी वर्षानुवर्षं धडपड केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर चारच दिवसांनी जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला. पुढे त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. त्या कायद्यानं कोणाला करणी करणारी ठरवून छळणं हा गुन्हा आहे.

तर खेळात काय करायचं? आजीला चौथी खूण द्या, आणि तीच सगळ्यात मोठी असू द्या. तिच्या आजीनं तिला सांगितलंय की फार पूर्वी असाच एक दगड एका बोडीत पडला होता. बोडी आटली. मग त्या लोकांनी काहीतरी केलं आणि पाणी परतलं. काय केलं ते फक्त तिला माहीत आहे. तिसऱ्या रात्री गाव कंदील घेऊन तिच्या झोपडीकडे निघतं. खेळणाऱ्यांनी ठरवायचं : गावाबरोबर जायचं, गप्प बसायचं, की दारात उभं राहायचं? दारात उभं राहणं अवघड काम आहे, तीन पांढरे लागतात. पण जितके जण उभे राहतील तितके चिंचोके वाढवा! आणि गावाबरोबर गेले तर सूत्रधारानं रागवू नये, उपदेशही करू नये. आजी रान तुडवत निघून गेली, एवढंच सांगावं. चौथी खूण तिच्याबरोबर गेली. पायऱ्या तर खाली जातच राहतील.

चेटकिणीची झोपडी नकाशात आहेच. ती तिथेच राहू दे, फक्त नाव बदल.

आता मंडळींना गुपित कळलं. दगडाचं करायचं काय? इथे गावातल्या प्रत्येकाचं म्हणणं वेगळं ठेवा, आणि कोणालाही मूर्ख ठरवू नका. देवळाचे पुजारीबाबा म्हणतात, शेंदूर लावून स्थापना करू, आकाशातून आलेलं पुण्याचंच. साकोलीच्या बाजारातला व्यापारी रोख पैसे मोजायला तयार आहे, आणि त्या पैशांत गावाला दोन विहिरी होतील. राजाचा अंमलदार तलवारीसाठी दगड मागायला आलाय. गुरुजी म्हणतात, जाणकारांकडे पाठवू, त्यांना तपासू दे. खऱ्या जगात गुरुजींचं ऐकावं. पण खेळात गुरुजींचंच बरोबर असं आधी ठरवलं तर तो खेळ नव्हे, परीक्षा झाली.

राजाची तलवार मी उगाच आणली नाही. १६२१ सालच्या एप्रिलमध्ये पंजाबात जालंधरजवळ लोखंडी अशनी पडला. बादशहा जहांगीरनं तो मागवून घेतला आणि उस्ताद दाऊद नावाच्या कारागिराला त्याच्या तलवारी करायला सांगितलं. पण ते लोखंड घणाखाली टिकेना, फुटू लागलं. मग तीन भाग आकाशातलं आणि एक भाग साधं लोखंड मिसळलं, तेव्हा पाती तयार झाली. जहांगीरनं हे स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. त्यातली एक सुरी आज अमेरिकेत वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

आपल्या खेळासाठी यात सोनं आहे, सोनं! खिशातल्या कागदावर 'लोखंड' लिहिलं असेल तर लोहाराच्या मुलाला कळतं की नुसता दगड घडत नाही, त्यात चौथा हिस्सा गावचं लोखंड लागतं. ते कुठून येणार? घराघरातून. खेळणाऱ्यांनी दारोदार जायचं. एका घरचा विळा, एका घरचा नांगराचा फाळ, एका घरची पावशी. प्रत्येक वस्तू ही कोणाची तरी गरज आहे. फाळ दिला तर पुढच्या पेरणीला काय? आणि घडवायचं काय? तलवारच का म्हणून? तलावाचं पाणी सोडण्याच्या तोंडाला झडप घडवता येईल, घंटा घडवता येईल, आणखी काही. मुलं काय घडवतात ते पाहण्यासाठी मी एकोडीपर्यंत एस.टी.नं यायला तयार आहे.

कागदावर 'दगड' असेल तर वेगळा रस्ता. तो तहानलेला का, हे सूत्रधारानं ठरवावं. कदाचित ते बी आहे. कदाचित तो जोडीतला एक आहे आणि दुसऱ्याला शोधतोय. बुलढाणा जिल्ह्यात लोणारला केवढा तरी खड्डा आहे, सुमारे १.८ किलोमीटर रुंद, तळाशी खारं पाणी. लोक सांगत आले की तिथे लवणासुर दैत्य जमिनीखाली राहायचा आणि विष्णूनं त्याचं झाकण उडवून त्याला मारलं. तिथलं दैत्यसूदनाचं देऊळ पाहण्यासारखं आहे. शास्त्रज्ञांनी १९७३ साली तिथल्या खडकांवरून दाखवून दिलं की हा खड्डा आकाशातून आलेल्या आघातानं झालाय. मग एकोडीचा दगड हा लोणारच्या दगडाचा धाकटा भाऊ का नसावा? बैलगाडीतून त्याला भावाकडे पोचवायचं! मात्र तो दुसरा खेळ झाला, आणि बराच लांबचा.

कागदावर 'बनवलेली वस्तू' असेल तर कोणी बनवली, आणि ते घ्यायला येणार आहेत का, एवढे दोन प्रश्न पाचव्या रात्रीला पुरतात.

खेळताना कसं बोलायचं त्याचा हा नमुना. सूत्रधार मोठी बहीण आहे, खेळणारा धाकटा भाऊ.

'ताई, मी दगडाला हात लावतो.'

'लाव. थंड आहे. पहाटेच्या लोट्यासारखा. तुझ्या तळव्याचा घाम सुकला.'

'अं? घाम सुकला म्हणजे?'

'म्हणजे सुकला. आता काय करतोस?'

'ताई, सांग न, काऊन सुकला?'

'मी काऊन सांगू? तू तिथे उभा आहेस, मी नाही.'

पाहिलंत? ताईनं खूण दिली, अर्थ सांगितला नाही. भावाला रात्रभर झोप येणार नाही, आणि सकाळी दात घासताना तो ओरडेल, 'पाणी पितोय तो!' हे त्याचं त्याला सापडू द्या.

मोठ्या भावंडांना एक विनंती. दर वेळी तुम्हीच सूत्रधार होऊ नका. सहावीतला पोरगा अडखळत प्रसंग सांगतो तेव्हाही खेळ रंगतो, कधी कधी जास्तच. आणि पालकांना : हा खेळ दोन-अडीच तास चालतो, पाच रात्री म्हणजे पाच बैठका केल्या तरी चालेल. मुलं घसा फोडून भांडतील, ते भांडण तलावाबद्दल असतं. आजी किंवा आजोबा घरी असतील तर त्या एकट्या आजीची भूमिका त्यांनाच द्या. गावाचे कंदील दाराशी आल्यावर त्या काय बोलतील ते लिहून देऊ नका.

खरोखर कधी शेतात आकाशातून काही पडलेलं दिसलं तर? काळी साल असलेला दगड असेल तर जागा, वेळ आणि दिशा लिहून ठेवा, फोडू नका, आणि शाळेतल्या विज्ञानाच्या सरांमार्फत तहसील कार्यालयाला कळवा. धातूची वस्तू असेल तर हातच लावू नका. रॉकेटच्या टाकीत विषारी द्रव्य उरलेलं असू शकतं. लांब उभं राहा, लहानांना लांब ठेवा आणि पोलीसपाटलांना बोलवा.

पुढच्या अंकात : चिंचोक्यांऐवजी सहा कवड्या घेतल्या तर प्रकार किती होतात, आणि सहाही उताण्या पडण्याची शक्यता किती? उत्तर काढून ठेवा. शिवाय पाचव्या रात्रीनंतर तुमच्या तलावात किती पायऱ्या उरल्या, आणि आजी गावात होती की नव्हती, एवढं पोस्टकार्डावर नक्की कळवा.